सेमी-ॲक्टिव्ह डॅम्पर: एका चाकाची रिग आणि कंट्रोलर कसा जुळवायचा

सेमी-ॲक्टिव्ह सस्पेन्शनमध्ये गाडीला वर-खाली ढकलणारी मोटर नसते. असतो तो एक डॅम्पर (शॉकॲब्सॉर्बर), ज्याचा कडकपणा चालत्या गाडीत काही मिलिसेकंदांत बदलता येतो. तो बाहेरून ताकद घालत नाही, हालचालीतली ऊर्जा तेवढी खातो. त्यामुळे एका चाकामागे सहा-सात वॅटमध्ये काम भागतं. मर्यादाही तिथूनच येते: डॅम्पर ज्या दिशेने ताणला किंवा दाबला जातोय, त्याच्या उलटच जोर लावू शकतो. जोराची दिशा कंट्रोलरच्या हातात नाही, फक्त प्रमाण आहे.

यावरचं मूळ काम कार्नॉप, क्रॉस्बी आणि हारवुड यांचं, १९७४ सालचं. त्यातलं स्कायहूक लॉजिक, म्हणजे बॉडी जणू आकाशाला डॅम्परने बांधली आहे असं मानून जोर ठरवणं, आजही पहिल्यांदा शिकवलं जातं आणि ते चार ओळींत लिहून होतं. तरीही कॉलेजच्या टीम आणि छोट्या वर्कशॉप महिनोन्‌महिने लॉजिकच बदलत बसतात. रिग, म्हणजे एका चाकाचं सस्पेन्शन जागेवर हलवून तपासायची चौकट, फसते ती उशिरामुळे: सेन्सरचा फिल्टर, डॅम्परचा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलमधून न उतरणारा करंट, व्हॉल्व्हची सुस्ती. हा उशीर मोजा, मग त्या उशिरात जे जमतं तेवढंच लॉजिककडून मागा. खालची सगळी मांडणी त्या हिशोबाने केली आहे.

आधी कागदावरचे आकडे

लहान हॅचबॅकच्या पुढच्या एका कोपऱ्यासाठी हे आकडे धरा: स्प्रिंगवरचं वजन २५० किलो, स्प्रिंगखालचं (चाक, हब, ब्रेक) ३२ किलो, स्प्रिंग १८ न्यूटन प्रति मि.मी., टायर १८० न्यूटन प्रति मि.मी. यावरून बॉडीची नैसर्गिक वारंवारता १.३५ हर्ट्झ येते आणि चाकाची, म्हणजे व्हील हॉपची, १२.५ हर्ट्झ. बॉडीचं क्रिटिकल डॅम्पिंग, म्हणजे जेवढ्याला ती झुलायची पूर्ण थांबते, सुमारे ४,२४० न्यूटन-सेकंद प्रति मीटर.

साधा फिक्स डॅम्पर याच्या ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १,२७० ला बसवतात. आपल्या डॅम्परला खाली ४२० पर्यंत, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, जाता यायला हवं आणि वर ३,००० पर्यंत. यात खालचा आकडा जास्त महत्त्वाचा. विकणारा नेहमी डॅम्पर किती कडक होतो ते सांगतो, पण तुम्ही विचारा तो किती मऊ होतो. किमान डॅम्पिंग १,००० वर अडलं असेल तर कितीही हुशार कंट्रोलर लावा, साध्या डॅम्परपेक्षा फारसा फरक दिसणार नाही.

हे आकडे मुंबईच्या रस्त्यावर ठेवून बघा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. १२.५ हर्ट्झने भागलं की ६७ सें.मी. येतात. खचलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यात उंचसखलपणाची पुनरावृत्ती साधारण अर्धा ते एक मीटरवर असली, की शहरातल्या रोजच्या वेगाला चाक नेमकं आपल्या वारंवारतेवर नाचतं. सिमेंट-काँक्रीटच्या रस्त्यावर स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ६५ ते ८० ला ते चार-पाच हर्ट्झचे ठोके देतात. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना चार ते आठ हर्ट्झमध्ये सगळ्यात संवेदनशील असतं, आणि आयएसओ २६३१ मधला वजन-फिल्टर (शरीराला जास्त जाणवणाऱ्या हादऱ्यांना जास्त महत्त्व देणारा) तेच धरतो. तिथे मऊ डॅम्पर हवा. म्हणजे एकाच शहरात एक रस्ता मऊपणा मागतो आणि दुसरा चाकाला आवर घालायला सांगतो.

रिग कापण्याआधी हे मॉडेल पायथन, ऑक्टेव्ह किंवा सायलॅबमध्ये चालवून घ्या. टाइम-स्टेप अर्धा मिलिसेकंद ठेवा. रस्त्यासाठी आयएसओ ८६०८ मधले खडबडीतपणाचे सी आणि डी हे वर्ग घ्या. मॉडेलमध्ये २० मिलिसेकंदांचा उशीर पहिल्या दिवसापासून घाला. बिनउशिराचा ग्राफ देखणा येतो आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा चुकवतो.

डॅम्पर निवडताना

बाजारात तीन प्रकार मिळतात.

पहिला, ॲडजस्टेबल शॉकॲब्सॉर्बरच्या नॉबवर सर्व्हो किंवा स्टेपर बसवलेला. हा स्वस्त आहे, पण नॉब फिरायला १००-२०० मिलिसेकंद लागतात. ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ असे मोड बदलायला तो चालेल. प्रत्येक झोक्यागणिक डॅम्पिंग बदलायला नाही.

दुसरा, सोलेनॉइड प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा. परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांमधून काढलेले असे स्ट्रट (स्प्रिंग धरणारा डॅम्परचा खांब) जुन्या स्पेअरच्या बाजारात निघतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करा. व्हॉल्व्ह बदलायला साधारण ५ ते १५ मिलिसेकंद लागतात. हा मार्ग आम्ही सुचवतो.

तिसरा, मॅग्नेटो-रिओलॉजिकल. यात तेलात मायक्रॉन आकाराचे लोखंडी कण असतात आणि चुंबकीय क्षेत्रात तेल घट्ट होतं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये हे पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आलं. प्रतिसाद उत्तम, पण सील झिजलेला जुना नग दुरुस्त होत नाही आणि बराच काळ पडून राहिल्यावर कण तळाला बसतात.

जुना स्ट्रट घेताना दुकानातच तपासा. सोबत मल्टिमीटर, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि ६.८ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर न्या. आधी कॉइलचा रेझिस्टन्स बघा. पुढचा हिशोब २.५ ओहम धरून केला आहे, तुमच्या नगाचा आकडा त्यात घाला. ओपन किंवा शून्य आला तर नग परत ठेवा. मग रॉड हाताने सावकाश पूर्ण आत-बाहेर करा. मध्येच पोकळ जागा लागली, म्हणजे रॉड अचानक हलका झाला, तर तेल किंवा गॅस गेलेला आहे. शेवटी रेझिस्टर सिरीजमध्ये लावून कॉइलला बॅटरी जोडा. साधारण १.३ ॲम्पिअर जाईल. हाताला फरक ठळक जाणवायला हवा. कोणत्या बाजूला फरक पडतो ते टॅगवर लिहून ठेवा: काही व्हॉल्व्ह करंट वाढला की कडक होतात, काही उलटे. शून्य करंटला डॅम्पर कसा असतो हेही नोंदवा, कारण वायर तुटली तर गाडी त्याच अवस्थेत राहणार आहे.

रिग

फ्रेमला १०० मि.मी.चा एमएस चॅनेल पुरतो. वजनासाठी ५०० × ५०० × १२ मि.मी.च्या एमएस प्लेटा घ्या. एक प्लेट २३.५ किलोची होते, म्हणून दहा प्लेटा आणि त्यांची चौकट मिळून २५० किलो. दारूखान्यात कापून मिळतात. प्लेटांचा गठ्ठा दोन २५ मि.मी. लिनियर गाइडवर उभा सरकेल असा बसवा. खालचं हब-चाक वेगळ्या गाइडवर. बेअरिंग, पुली, एम१६ चे बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतील. दोन्ही गाइड एकमेकांना ०.१ मि.मी.च्या आत समांतर हवेत, नाहीतर घर्षण वाढतं. स्प्रिंग आणि डॅम्पर काढून गठ्ठा चेन-ब्लॉकला टांगा आणि हुकाच्या वजनकाट्यावर वर-खाली सरकवून बघा. वर जाताना आणि खाली येताना काट्यातला फरक ६ किलोच्या आत असावा, म्हणजे घर्षण ३० न्यूटनच्या आत. यापेक्षा जास्त घर्षण असेल तर तेच तुमचं डॅम्पिंग होऊन बसतं आणि मऊ सेटिंगचा गुण दिसत नाही.

खालची हलती प्लेट एक्सेंट्रिकवर (केंद्रापासून सरकवलेल्या, फिरताना प्लेट वर-खाली करणाऱ्या चकतीवर) चालवा. ३ एचपीची १,४४० आरपीएम मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) घ्या. एका जोडणीत पूर्ण पट्टा मिळत नाही, म्हणून दोन जोडण्या ठेवा:

– बॉडीसाठी: १:१० गिअरबॉक्स, ८ मि.मी. एक्सेंट्रिक. व्हीएफडी ५० हर्ट्झला ठेवला की प्लेटला २.४ हर्ट्झ मिळतात.
– चाकासाठी: १:२ बेल्ट, २ मि.मी. एक्सेंट्रिक. व्हीएफडी १० ला २.४ हर्ट्झ, ६२ ला १५ हर्ट्झ.

८ मि.मी. हा आकडा विचार करून घेतलाय. १० टक्के डॅम्पिंगला १.३५ हर्ट्झवर बॉडी पाचपट झुलते, म्हणजे ±४० मि.मी. स्ट्रटच्या प्रवासात ते मावतं. उत्साहाने १५ मि.मी. लावलं तर गठ्ठा बंपस्टॉपवर (प्रवासाच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर) आपटेल.

सगळी रिग पाचशे किलोच्या आसपास जाते. तळमजल्याच्या गाळ्यातच ठेवा, खाली रबर पॅड द्या. वरच्या मजल्यावर १२ हर्ट्झला शेजारच्या गाळ्याची भांडीही वाजतील. गठ्ठ्याखाली दोन बाजूंना जॅक-स्टँड कायम असू द्या, वरून दोन पट्टे सैल बांधा, लाल मशरूम-स्विच हाताच्या अंतरावर लावा. स्प्रिंग काढताना दोन्ही बाजूंना कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचं नट सोडू नका. दाबलेल्या स्प्रिंगमधली ऊर्जा जीव घेऊ शकते. गॅसच्या डॅम्परला ड्रिल किंवा वेल्डिंग कधीही नको.

डॅम्परचा नकाशा काढणं

नकाशा म्हणजे कोणत्या वेगाला आणि करंटला डॅम्पर किती जोर देतो याचा तक्ता. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. ते टाळलं तर कंट्रोलरला ‘१,२०० डॅम्पिंग दे’ म्हटल्यावर किती करंट सोडायचा हे कळणारच नाही.

गठ्ठा फ्रेमला घट्ट बांधा, स्प्रिंग आणि चाक काढा, डॅम्परचं खालचं टोक थेट हलत्या प्लेटला जोडा, वर ५०० किलोचा एस-टाइप लोडसेल लावा. ८ मि.मी. एक्सेंट्रिक असला की कमाल वेग मीटर प्रति सेकंदात म्हणजे वारंवारतेला ०.०५ ने गुणायचं: १ हर्ट्झला ०.०५, ४ ला ०.२, १० हर्ट्झला ०.५. वरच्या वेगांसाठी हाच एक्सेंट्रिक बेल्टच्या जोडणीवर घ्या. गठ्ठ्याचं वजन आता प्लेटवर नसल्यामुळे मोटरला ते झेपतं. ०.०५, ०.१, ०.२, ०.३, ०.५ या पाच वेगांना आणि ०, ०.४, ०.८, १.२, १.६ ॲम्पिअर या पाच करंटना जोर नोंदवा. दाबताना आणि ताणताना वेगवेगळे तक्ते ठेवा. गाडीच्या डॅम्परमध्ये ताणतानाचा जोर दाबतानाच्या दोन-तीन पट असणं नेहमीचं आहे.

प्रत्येक धाव दहा सेकंदांची ठेवा. सगळ्यात कडक सेटिंगला ०.५ च्या वेगात सरासरी ३७० वॅट तेलात जातात आणि डॅम्पर बघता बघता तापतो. ट्यूबवर थर्मोकपल चिकटवा, ३० आणि ६० अंशांना दोन संच घ्या. दोन्ही संचांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तापमानानुसार दुरुस्ती कोडमध्ये घालावी लागेल.

करंटचा ड्रायव्हर

अनेक प्रोजेक्ट इथे चुकतात: एक मॉसफेट, एक फ्रीव्हीलिंग डायोड आणि ठरावीक ड्यूटी (मॉसफेट किती टक्के वेळ चालू ठेवायचा ते). यात दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे उष्णता. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २५ वरून ८५ अंशांवर गेली की तो २३ टक्के वाढतो आणि त्याच ड्यूटीला करंट १९ टक्के घसरतो. म्हणून ड्यूटी ठरवायची नाही. शंट रेझिस्टरवर करंट मोजून पीआय लूपने करंटच ठरवायचा.

दुसरी जास्त घातक. समजा कॉइल २.५ ओहम, १० मिलिहेन्री. टाइम-कॉन्स्टंट ४ मिलिसेकंद. १२ व्होल्टवर शून्यापासून १.६ ॲम्पिअर चढायला १.६ मिलिसेकंद लागतात, छान. पण उतरताना साध्या डायोडमधून करंट फिरत राहतो आणि दहा टक्क्यांवर यायला ६ ते ९ मिलिसेकंद जातात. करंटने कडक होणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये याचा अर्थ असा, की कडक पटकन होतो आणि मऊ उशिरा. गाडीतल्या माणसाला त्रास देतो तो नेमका हाच उशीर, कारण मऊ व्हायचं असतं तेव्हा डॅम्पर बॉडीला धक्का देत असतो.

उपाय म्हणजे असिमेट्रिक हाफ-ब्रिज: दोन मॉसफेट, दोन शॉटकी डायोड. करंट टिकवायचा असेल तेव्हा खालचा चालू ठेवून वरच्याला २० किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम द्या. झटक्यात उतरवायचा असेल तेव्हा दोन्ही बंद करा. मग कॉइलवर उलटे १२ व्होल्ट येतात आणि करंट १.२ मिलिसेकंदांत शून्यावर येतो. परत येणारी ऊर्जा झेलायला सप्लायवर १,००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि टीव्हीएस डायोड लावा. हे सगळे भाग लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. मॉसफेट मात्र ओळखीच्या दुकानातूनच घ्या, खोटे नग बरेच फिरतात.

प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा स्पूल स्थिर करंटला चिकटतो. लक्ष्य करंटवर १०० ते २०० हर्ट्झची, पाच टक्क्यांच्या आसपासची लहर चढवून ठेवली की तो मोकळा राहतो.

वेग मोजणं, म्हणजे खरी कसोटी

लॉजिकला दोन वेग लागतात: बॉडीचा स्वतःचा वेग, आणि बॉडी व चाक यांच्यातला सापेक्ष वेग. थेट मोजणारा स्वस्त सेन्सर दोन्हींसाठी नाही. दोन्ही काढावे लागतात.

बॉडीवर अ‍ॅक्सेलरोमीटर बसवा. एमपीयू ६०५० चालेल, पण त्याच्या आतला लो-पास फिल्टर कुठे ठेवलाय ते बघा. ५ हर्ट्झच्या सेटिंगला ग्राफ गुळगुळीत दिसतो आणि १९ मिलिसेकंद तिथेच जातात. ९४ हर्ट्झला ठेवलं की उशीर ३ मिलिसेकंद. त्याची आय-टू-सी वायर २० सें.मी.पेक्षा लांब नेऊ नका. कॉइलच्या गोंगाटाने बस अडकते आणि कंट्रोलर शेवटचं वाचन धरून बसतो. लांब न्यायचं असेल तर ॲनालॉग आउटपुटचा सेन्सर आणि शिल्डेड वायर घ्या.

वाचन इंटिग्रेट केलं की वेग मिळतो आणि सोबत ड्रिफ्टही. अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी क्षुल्लक चूक असली तरी दहा सेकंदांत ०.५ मीटर प्रति सेकंद खोटा वेग जमतो. खरा वेग ०.१ ते ०.३ च्या घरात असतो. म्हणून ‘गळका’ इंटिग्रेटर वापरायचा, कट-ऑफ ०.२ हर्ट्झ. तरीही त्या चुकीचा ०.०४ इतका स्थिर अंश उरतो, तो काढायला पुढे आणखी एक ०.२ हर्ट्झचा हाय-पास. या दोघांमुळे १.३५ हर्ट्झला मिळून १७ अंशांचा फेज पुढे सरकतो, तो सोसतो. कट-ऑफ ०.५ केलात तर हाच आकडा ४० च्या वर जातो आणि स्कायहूक भलत्याच वेळी कडक होऊ लागतं.

सापेक्ष वेगासाठी स्ट्रटला समांतर १५० मि.मी.चा लिनियर पोटेन्शिओमीटर लावा. हिशोब बघा: १२ बिटांत एक पायरी ०.०३७ मि.मी. १ किलोहर्ट्झने थेट फरक काढला तर एका पायरीचा गोंगाट ३७ मि.मी. प्रति सेकंद होतो. तो दाबायला ४० हर्ट्झचा लो-पास लावला की ४ मिलिसेकंद गेले. चांगली रीत अशी: दोन हर्ट्झच्या खालचा भाग पोटेन्शिओमीटरमधून, वरचा भाग बॉडी आणि चाक यांच्या अ‍ॅक्सेलरेशनच्या फरकाला इंटिग्रेट करून. दोन्ही कॉम्प्लिमेंटरी फिल्टरने जोडले की गोंगाटही नाही आणि उशीरही नाही. चाकावरचा सेन्सर ±५० जी चा घ्या. रिगवर ±१६ पुरतो, पण खड्ड्याच्या कडेला तो छताला टेकतो.

कंट्रोलर एसटीएम३२ चा घ्यावा. ईएसपी३२ मधला एडीसी सरळ रेषेत चालत नाही. तोच वापरायचा असेल तर बाहेरून एडीसी जोडा.

लॉजिक

वरची दिशा धन धरा. सापेक्ष वेग = बॉडीचा वेग वजा चाकाचा वेग. तो धन असला की स्ट्रट ताणला जातोय. टायमर इंटरप्टवर दर मिलिसेकंदाला:

१. दोन्ही वेग काढा.
२. बॉडीचा वेग गुणिले सापेक्ष वेग. गुणाकार धन असेल तर डॅम्पर बॉडीला थांबवायला मदत करू शकतो. ऋण असेल तर तो तिला ढकलतोय, डॅम्पिंग किमान करा.
३. धन असेल तर हवं असलेलं डॅम्पिंग = २,५०० × बॉडीचा वेग ÷ सापेक्ष वेग. ४२० ते ३,००० मध्ये बांधा.
४. सापेक्ष वेग ०.०३ मीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर भागाकार करू नका, मागचीच किंमत राहू द्या.
५. नकाशावरून करंट काढा. कडक होताना करंट १० ते १५ मिलिसेकंदांत चढवा, मऊ होताना लगेच उतरवा.

पुस्तकी ऑन-ऑफ स्कायहूक किमान आणि कमाल यांच्यात उड्या मारतं. बॉडीचा वेग शून्यातून जाताना सापेक्ष वेग मोठा असला, की जोर एकदम बदलतो आणि ‘टक’ असा आवाज केबिनमध्ये येतो. तिसरी आणि पाचवी पायरी त्यासाठी आहे.

प्रवास संपायच्या आधीचे १५ मि.मी. वेगळे हाताळा. स्ट्रट टोकाकडे जात असेल तर डॅम्पिंग क्रमाने कमालपर्यंत न्या, परतताना सोडा. गतिरोधकावर याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच आहे. सोसायट्यांच्या गेटसमोर मिळतो तो बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी रुंद आणि उभ्या कडेचा. रिगवर ट्यून करताना हा दुसराच डोळ्यांसमोर ठेवा.

पेव्हर ब्लॉक आणि व्हील हॉप

आता उशिराचा हिशोब मांडू. सेन्सर ३, लूप १, करंट १ ते २, व्हॉल्व्ह ५ ते १५. म्हणजे वाईटात वाईट साधारण २० मिलिसेकंद. १.३५ हर्ट्झला हे फक्त १० अंश होतात, काही बिघडत नाही. १२.५ हर्ट्झला तेच ९० अंश होतात, म्हणजे पाव फेरा. ग्राउंडहूक लॉजिकने (स्कायहूकसारखंच, पण बॉडीऐवजी चाक आवरणारं) चाकाच्या प्रत्येक हेलकाव्याला डॅम्पिंग बदलू पाहिलं तर मदत आणि अडथळा सारख्याच प्रमाणात होतील. म्हणून चाकासाठी क्षणाक्षणाचं स्विचिंग करू नका. चाक नाचतंय हे ओळखा आणि किमान डॅम्पिंगची पातळीच वर उचला.

हे का लागतं ते आकड्यांत बघा. ४२० डॅम्पिंगला चाकाचं डॅम्पिंग प्रमाण जेमतेम ८ टक्के असतं. रस्त्यावर १२.५ हर्ट्झची ±३ मि.मी. लहर आली की चाक ±१६ मि.मी. नाचतं. या टायरचा स्थिर दबाव १५.४ मि.मी. आहे, म्हणजे टायर रस्ता सोडतो. पावसात अशा पट्ट्यावर ब्रेक मारला तर काय होतं हे सांगायला नको. तेच डॅम्पिंग १,२७० केलं की चाक ±५.५ मि.मी. वर येतं आणि टायर जमिनीला धरून राहतो.

चाकाचं अ‍ॅक्सेलरेशन ८ ते १६ हर्ट्झच्या बँड-पासमधून काढा, २०० मिलिसेकंदांच्या खिडकीत त्याचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) घ्या. २ जी च्या वर गेला की किमान डॅम्पिंग ४२० वरून १,२७० करा. १ जी च्या खाली अर्धा सेकंद राहिला की परत ४२०. सोडण्याची पातळी नीट निवडा: २ मि.मी. एक्सेंट्रिकवर १,२७० डॅम्पिंगलाही आरएमएस १.६ जी असतो. ती १.८ ठेवली तर डॅम्पर आवळल्याबरोबर ‘शांत झालं’ समजून पुन्हा मऊ होईल, चाक पुन्हा नाचेल आणि सेकंदाला एक-दोनदा असं चालत राहील. गाडीत हे इंजिनच्या मिसफायरसारखं जाणवतं आणि कारण शोधायला दिवस जातात.

कडक पातळीला चार ते आठ हर्ट्झमधला आराम नक्की कमी होतो. तो सौदा करायलाच हवा. टायरची पकड आधी, आराम नंतर.

खड्ड्याचं गणित वेगळं. ताशी ३० ला ६० सें.मी.चा खड्डा ७२ मिलिसेकंदांत पार होतो. डॅम्पिंग नसेल तर चाक पहिल्या ३५ मिलिसेकंदांतच पाच सें.मी. खाली जातं. २० मिलिसेकंद उशीर धरूनही हातात थोडा वेळ उरतो. ताणाच्या दिशेने सापेक्ष वेग ०.८ च्या वर गेला की लगेच कमाल करंट द्या, म्हणजे चाक खोल पडत नाही. आणि वेग शून्यावर येताच किमान करा, कारण पुढची कड आता दाबणार आहे. ही अवस्था १०० मिलिसेकंदांत आपोआप सुटू द्या.

मोजणी प्रामाणिक ठेवा

तुलना फिक्स डॅम्परशी करायची असते, पण कोणत्या? आधी कंट्रोलर बंद ठेवून ०.२ ॲम्पिअरच्या पायऱ्यांनी स्थिर करंटवर रिग चालवा आणि प्रत्येक प्रकारच्या हालचालीला सर्वांत चांगला करंट शोधा. तुमच्या लॉजिकने त्याला हरवायला हवं. सगळ्यात कडक सेटिंगशी तुलना करून ‘चाळीस टक्के सुधारणा’ लिहिणं सोपं आहे, पण त्याला अर्थ नाही. तीन आकडे एकत्र द्या: वजन-फिल्टरमधून काढलेला बॉडीच्या अ‍ॅक्सेलरेशनचा आरएमएस, टायरवरच्या भारातला चढउतार, आणि स्ट्रटचा वापरलेला प्रवास. एक सुधारला आणि बाकीचे दोन बिघडले असं वारंवार होतं.

गाडीवर नेताना

सार्वजनिक रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत निर्मात्याने दिलेल्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. म्हणून चाचणी स्पर्धेच्या गाडीवर किंवा बंद आवारात करा.

गाडीवर नवी अडचण येते ती ब्रेकची. बॉडीवरचा सेन्सर दोन अंश कलता बसला तर जोरदार ब्रेकमध्ये, ५ मीटर प्रति सेकंद वर्गाला, उभ्या अक्षावर ०.१७ चा खोटा आकडा येतो. इंटिग्रेटर त्याला खरी हालचाल समजतो. सेन्सर स्पिरिट-लेव्हलने बसवा आणि ब्रेक-लाइटचा सिग्नल कंट्रोलरला द्या. ब्रेक चालू असेपर्यंत किमान पातळी १,२७० ठेवा.

वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकल्याचं ओळखणारा टायमर), सेन्सरची वायर तुटल्याची तपासणी आणि सप्लाय ९ व्होल्टखाली गेल्याची तपासणी या तिन्हींपैकी काहीही वाजलं, की एकच ठरलेला करंट: ३० टक्के डॅम्पिंग देणारा. शून्य करंटला तुमचा व्हॉल्व्ह अगदी मऊ होत असेल तर मायक्रोकंट्रोलर मेला तरी हा करंट देणारं वेगळं छोटं सर्किट ठेवा.

मुंबईत पावसाळा चार महिने आणि दमट खारी हवा बारा महिने. चाकाजवळचा पोटेन्शिओमीटर उघडा ठेवला तर चिखल आत जाऊन ट्रॅक खरवडतो. आधी आउटपुटमध्ये मधेच टोकदार उड्या दिसतात, मग एकाच ठिकाणी सिग्नल तुटतो. रबरी बूट घाला, किंवा न घासणारा हॉल-सेन्सरचा हाइट सेन्सर लावा. कनेक्टर सीलचे, आयपी ६७ चे घ्या, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, आणि वायर कनेक्टरच्या आधी खाली झोका देऊन वर आणा म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोक्यावरून ठिबकतं. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग मारण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स साफ करा. कोटिंगखाली राहिलेला फ्लक्स दमटपणात शंटच्या अँप्लिफायरचं वाचन सरकवतो, आणि करंटचा लूप ते चुकीचं वाचन इमानेइतबारे पाळत राहतो. दर पंधरा दिवसांनी बाहेरच्या मीटरने कॉइलचा करंट मोजून कोडमधल्या आकड्याशी ताडून बघा. ५० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी बोर्ड धुऊन वाळवा, ट्यूनिंगला त्यानंतरच हात लावा.